एकाच नावाच्या दोघी

माझं सासरचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते माझं नव्हतंच. मला डोंबिवलीच्या बिजवराला दिली होती. ह्यांची पहिली बायको तापाने गेलेली, मागे एक लहान मुलगी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पहिलीचंच राहू दे. सगळ्यांच्या तोंडात बसलंय, भांड्यांवरही घातलंय." ह्यांनी मुकाट्याने तेच लिहिलं.

भांड्यांवर! कळशी, परात, तांब्या, सगळीकडे सौ. लावून तीच. चिंच लावून घासताना मी त्या अक्षरांवर जरा जास्तच जोर लावायची. झिजली मात्र नाहीत मेली. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्यासाठी पुरणावरणाचा स्वयंपाक मीच करायचा, आणि भटजींनी ते नाव उच्चारलं की माझ्या अंगावर काटा यायचा. जिवंत सवत असती तर चार शब्द ऐकवून मोकळी तरी झाले असते. मेलेलीशी काय भांडणार? तिची आमटी कधी खारट होत नाही, तिला कधी राग येत नाही. मी जळायची, अगदी उघड जळायची.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं निघालं. ह्यांचे एक दूरचे काका त्यासाठी घरोघर फिरत होते. एका रविवारी आमच्याकडे आले. मूळ आडनाव कुठलं, गावावरून 'कर' कधी लागलं, ठाण्याच्या मंडळींनी ते टाकून हुद्द्याचं आडनाव का घेतलं, आणि मध्ये 'उर्फ' घालून दोन्ही लावणारे शहाणे कोण, ह्यावर बाहेर दोनदा चहा झाला. मी आत पोहे परतत ऐकत होते.

मग काकांनी आमच्या घराचा मजकूर वाचून दाखवला. तो त्यांना ठाण्याहून मिळाला होता. ह्यांचं नाव, पत्नी एक, अपत्यं तीन. नाव एकच, म्हणून त्यांनी बाईही एकच धरली होती! माझी दोन्ही मुलं तिच्या पदरात घालून मोकळे झाले होते.

पोह्यांची बशी हातात घेऊनच मी बाहेर आले. "काका, आम्ही दोघी. थोरली मुलगी त्यांची, धाकटे दोघे माझे."

काका वरमले. "बरं झालं बोललीस, सूनबाई. असं करू, दोघींपुढे माहेरचं नाव आणि आडनाव घालू. म्हणजे घोटाळा नको."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझं माहेरचं नाव टिटवाळ्याला आई तेवढी घ्यायची, आणि ती गेल्यापासून ते कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. आता ते छापून येणार होतं, माझ्या मुलांच्या नावांशेजारी. तिचं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी.

"पहिलीचं सांग," काका ह्यांना म्हणाले.

ह्यांना आठवावं लागलंच नाही. तिचं माहेरचं नाव, आडनाव, वडील, कोकणातलं मूळ गाव, सगळं घडाघडा सांगितलं. वर तिला माहेरी लाडाने काय म्हणत तेही सांगितलं, कुणी विचारलं नसताना. चेहरा असा खुलला होता की माझा नुसता जळफळाट झाला.

"आणि हिचं?"

ह्यांनी आडनाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, "अगं, तुझं माहेरचं नाव काय गं होतं?"

"आठवेल तेव्हा तुम्हीच सांगा," म्हटलं, बशी काकांपुढे ठेवली आणि आत गेले.

कुलवृत्तांत छापून आला, तेव्हा माझ्यापुढे नुसतं आडनाव होतं.