माहेरच्या नावाचा रकाना

“काका, ही बाई गेली कुठं?” डॉक्टर मॅडम माझ्या स्क्रीनवर बोट आपटत होत्या. बोटाखाली लाल पट्टी होती. वैशाली, भाजे, सातवा महिना. शेवटच्या तपासणीला बीपी वाढलेलं. त्यानंतर एकही नोंद नाही.

कंपनीतून रिटायर झाल्यावर मी लोणावळ्यातल्या या हॉस्पिटलात डेटाचं काम बघायला लागलो. आता काम सोपं करून सांगतो. आमच्या आणि आसपासच्या उपकेंद्रांतल्या सगळ्या नोंदी एकाच सिस्टिममध्ये येऊन पडतात. माणसाला वाचायला आयुष्य पुरणार नाही, इतक्या. कुणाला धोका आहे आणि कोण तपासणीला यायचं बंद झालंय, ते सॉफ्टवेअर त्यातून हुडकून काढतं. येणं बंद झालं की नावावर लाल पट्टी, पेशंट ‘लॉस्ट’. म्हणजे हरवला.

“सातव्या महिन्यात ह्या बायका अशाच गळतात,” मॅडम वैतागल्या. “काळजीच नाही हो कुणाला! बीपी असंच चढत गेलं तर आई आणि बाळ, दोघंही जातील.”

नवरा ट्रकवर, फोन बंद. आमची नर्स भाज्याला घरी जाऊन आली होती. सासू म्हणाली, पहिलं बाळंतपण, माहेरी गेली. माहेर पलीकडच्या डोंगरातली वाडी. तिथल्या उपकेंद्राला फोन केला, तर उत्तर आलं, “वैशाली? हितं त्या नावाची कुनीच न्हाई.”

सासू खोटं बोलत नव्हती, उपकेंद्रही खोटं बोलत नव्हतं. मग बाई हवेत विरली की काय?

आणि मला एकदम आई आठवली.

माझी आई घोरावाडीच्या घरात सुमन होती. वडिलांची सुमन, शेजाऱ्यांच्या सुमनवहिनी. पण पवन मावळात आजोळी गेलो की बांधावरनं कुणीतरी ओरडायचं, “आगं ठके, कवा आलीस?” लहानपणी मी मागं वळून बघायचो, ही ठकी कोण म्हणून. आई मात्र पदर खोचून धावतच निघायची. मोठ्यानं हसायची. घोरावाडीत ती तशी कधी हसली नाही. मला त्या ठकीचा जरा हेवाच वाटायचा, कारण ती आई माझ्या वाट्याला फक्त सुट्टीत यायची.

मी मॅडमना म्हटलं, “सासूबाईंना फोन लावा. मी बोलतो.”

“मावशी, वैशालीचं माहेरचं नाव काय?”

“सांगितलं की नर्सबाईला. वरली वाडी.”

“गावाचं नाही हो. तिचं. लग्नाआधीचं.”

“आसं व्हय! हिरा. पन आमच्या थोरल्या सुनंचं नावबी हिराच. येका घरात दोन हिरा कशा चालत्याल? हाक मारली की दोगीबी येनार, न्हाईतर येकबी न्हाई. मंग लग्नात तांदळात आंगठीनं वैशाली लिवलं.”

“आणि आधार कार्डावर?”

“त्ये कोन बदलतंय बाबा!”

लगेच ‘हिरा’ टाकून शोधलं. वय तेच, रक्तगट तोच, बाळंतपणाचा आठवडाही तोच. आमच्याकडं सासरी सांगितलेलं नाव होतं, वाडीच्या उपकेंद्रात आधार कार्ड बघून नवी नोंद झालेली. फोन भावाचा. जुना इतिहास कोरा. त्या दिवशी बीपी बरं भरलं असावं, म्हणून पट्टी हिरवी. एकच बाई आमच्या सिस्टिममध्ये भाज्याला हरवली होती आणि वाडीत ठणठणीत होती.

भावाला स्पीकरवर फोन लावला.

“ताई हाय की घरात. पडलीय. सकाळधरनं डोकं लय दुखतंय. डोळ्यापुढं अंधारी येतीया म्हनती.”

मॅडमनी माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला. आधीच बीपी, त्यात हे, म्हणजे कुठल्याही क्षणी झटके येऊ शकतात. “तिला चालवू नका. डाव्या कुशीवर झोपवा. गाडी निघालीच!” त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता.

गाडी वेळेत पोचली. सिझेरियन झालं. मुलगी झाली, वजनानं हलकी, पण रडली खणखणीत. मी वॉर्डात डोकावलो, तर खाटेच्या एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला तिची आई.

“वैशाले, पेज घे.”

“हिरे, जरा पड आता.”

बिचारी दोघींनाही ओ देत होती.

नंतर बाकीच्या लाल पट्ट्या तपासल्या. त्यातल्या बऱ्याच जणी हरवल्या नव्हत्याच, माहेरी आपल्या जुन्या नावानं नांदत होत्या. मॅडम ‘काळजीच नाही’ हे वाक्य पुन्हा बोलल्या नाहीत. मी सिस्टिममध्ये एक रकाना वाढवून घेतला, माहेरचं नाव. इतकी वर्षं डेटात घालवून शिकलो ते एवढंच, की माणूस शोधायचा तर त्याला कुठं कुठल्या नावानं हाक मारतात, ते आधी विचारावं.

नवा रकाना चालतो का, हे बघायला टेस्ट सर्व्हरवर एक खोटी नोंद घालावी लागते. मी लिहिलं, सुमन, घोरावाडी. माहेरचं नाव, ठकी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मामाही गेले, त्यामुळे ठकी म्हणणारं आता कुणीच नाही. मी शोधात ‘ठकी’ टाकलं. सिस्टिमनं सुमन काढून दाखवली.

टेस्टिंग झालं की अशी नोंद पुसायची असते. मी अजून पुसलेली नाही.