कॅटल, दुपट्टा आणि बोरगावचे जावई

माझं एका इंग्रजी शब्दाशी वैर आहे. शब्द साधा आहे, कॅटल. म्हणजे गुरंढोरं. शाळेतल्या पोरांनाही येतो. मला मात्र तो सौंसरच्या बैलबाजारात, भरल्या गर्दीत एका वकिलाने शिकवला आणि त्याच वकिलापायी माझा ठरत आलेला सौदा मोडला.

आमचा मुलूख नागपूरच्या राज्यातून निघून भोपाळच्या राज्यात गेला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मला ना शेत होतं, ना शेतवाला भाऊ. दुसऱ्यांची ढोरं चारत मोठा झालो, दुसऱ्यांचे बैल मोहगाव-पांढुर्ण्याच्या बाजारात हाकत नेले, मग स्वतःचे विकू लागलो. त्या वर्षी माझी सगळी कमाई आठ पायांवर उभी होती. गौळाऊ जातीच्या बैलांची जोडी, पांढरीशुभ्र, चालीला घोड्यासारखी. ती विकून मला सौंसरच्या पेठेत सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं दुकान टाकायचं होतं. खोली हेरून ठेवली होती. खोलीच्या मालकाने बाजाराच्या दिवशी सकाळीच बजावलं होतं, "दिवे लागेपर्यंत थांबतो. मंग जो पयले येईन त्याची खोली."

गिऱ्हाईक चालून आलं. बोरगावचे पाटील, संत्र्याच्या बागेचे मालक. सोबत त्यांचे जावई, नागपूरला वकिली करणारे, काळा कोट घालून बैलबाजारात आलेले. कोट पाहून माझे बैल बुजले. मी बुजायला हवं होतं.

पाटील बैलांचे दात पाहत होते तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "इंग्रजीत यांना कॅटल म्हणतात. हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे?"

कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाचं अडलंही नव्हतं. पण बाजारात काळ्या कोटाभोवती माणसं आपोआप जमतात. वकीलसाहेबांनी सांगितलं की मुळात लॅटिनमधला डोकं या अर्थाचा शब्द. त्यातून निघाला मालमत्तेचा शब्द. पूर्वी कॅटल म्हणजे माणसाची हलवता येण्यासारखी सगळी मिळकत. पुढे त्यातली नुसती जनावरं उरली, शेवटी गाय-बैल. भांडवलाला इंग्रजीत जो कॅपिटल शब्द आहे, तो याच घरातला.

"मंग आमच्या बायकोची पोतबी कॅटलच का जी?" मागून एकाने विचारलं.

"एके काळी, हो."

"बरं झालं जी, गेले इंग्रज. हे घरी सांगतलं असतं तर पोळपाट बसला असता टाळक्यात."

लोक हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "जी माणसं हाकाल तिकडे जातात, त्यांनाही इंग्रज कॅटलच म्हणत." आणि उकिडव्या बसलेल्या सगळ्या बाजारावरून त्यांनी नजर फिरवली.

"तर मंग आमी आत्ताच झालो ना कॅटल," एक म्हातारा म्हणाला. "रातच्याले नागपुरात निजलो, सकाळी उठून पायतो त भोपाळ."

त्यात खोटं काही नव्हतं. सौंसर आणि पांढुर्णा, चांगली जुळलेली जोडी, एका खुंट्याची सोडून दुसऱ्या खुंट्याला बांधली. दात कुणी पाहिले, भाव कुणी केला, आम्हाला पत्ता नाही. तेवढं व्याख्यान मला पटलं.

मग आम्ही कामाला लागलो. मी हात पुढे केला, पाटलांनी वर आपल्या खांद्यावरचा दुपट्टा टाकला. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली बोटं दाबून तो ठरतो, त्याला हत्ता म्हणतात. शेजारच्याला कळायला नको, कारण एकाला काय भावाने दिलं हे दुसऱ्याला कळलं की व्यापाऱ्याने घरी बसावं. आणि बोटं चालू असताना तोंडाने भांडायचं, हाही रिवाज.

"हे बैल हायेत का बकऱ्या?" पाटील ओरडले आणि खाली त्यांनी भाव वाढवला.

"बकऱ्याच हायेत जी. तुमच्या बागेतली आंबट संत्री खायाले बकऱ्याच पायजे!" मी ओरडलो आणि थोडा उतरलो.

"चोर हायेस तू लेका!" बोट आणखी एक दाबलं. दोनच दाबांचं अंतर उरलं होतं. मला दुकानातली ढेपही दिसायला लागली होती.

आणि जावईबापूंनी दुपट्टा ओढला.

"काय शिवीगाळ चालली आहे? जे असेल ते उघड बोला. देश स्वतंत्र झालाय."

पाटलांच्या मुठीत माझी बोटं आणि त्या बोटांवर अख्ख्या बाजाराचे डोळे. आता पाटील वर चढले तर लोक म्हणणार, जावयापुढे ऐट केली. मी तेवढ्यावर दिले तर पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक तिथूनच खाली सुरू करणार. शिवाय उघडा पडलेला हत्ता त्या दिवशी पुन्हा झाकत नाहीत. सौदा मेला.

माझं डोकं फिरलं. "वकीलसाहेब, कोर्टात जजसाहेबाचा कोट असाच ओढता का?" मी विचारलं. पुढेही बरंच विचारलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूक कुणाची, हे बाजारातल्या पोराटोरालाही कळत होतं. पण आमच्या मुलखात जावयाला चारचौघांत चूक म्हणत नाहीत. जो तो मलाच सांगू लागला, "जाऊ दे ना बे, जवाई हायेत." पाटील खाली पाहत निघून गेले.

बैलांसाठी आणलेला पैसा त्यांनी घरी नेला असता, तर मी एवढा पेटलो नसतो. वाटेत त्यांना पेठेतली रिकामी खोली दिसली. संत्री ठेवायला बरी म्हणून त्यांनी ती दिवे लागायच्या आत घेऊन टाकली. माझी खोली, माझ्या बैलांच्या पैशाने!

पण संत्री खोलीत ठेवता येतात, बाग खोलीत वखरता येत नाही, त्याला बैलच लागतात. पुढच्या आठवड्यात पाटील एकटेच माझ्या दारात आले. माझा हात धरला, वर दुपट्टा टाकला.

"बकऱ्या हायेत का अजून?"

मी या वेळी भांडलो नाही. तोंडाने जावयाचं कौतुक करत राहिलो. काय ते ज्ञान, काय तो कोट! प्रत्येक कौतुकाला पाटील कळवळले आणि एकेक बोट वाढवत गेले. आठवड्यापूर्वी ज्या भावाला मी नाचलो असतो, त्याच्याही ते पुढे गेले. पण मला खोली हवी होती, आणि हत्त्यात खोलीसाठी बोट नसतं.

मी स्वतःच दुपट्टा ओढून काढला. "पाटील, पेठेतली खोली."

पाटलांनी माझा हात सोडला. "जवायासारखं करून राहिला तू तर."

"बैल पायजेत का नाही?"

त्यांनी बैलांच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवला. "समोरचा भाग तुले. मागं माही संत्री."

दुकान चाललं, आजही चालतं. दर दिवाळीला जावईबापू बोरगावला येतात, आपल्या गाईसाठी ढेप घ्यायला माझ्या दुकानात थांबतात आणि गिऱ्हाइकांना ऐकवतात, "व्यवहार उघड करायला मी शिकवलं, म्हणून या माणसाला हे दुकान मिळालं." सगळे मला पुन्हा सांगतात, जाऊ दे, जावई आहेत. मी जाऊ दिलेलं नाही. त्यांना सरकीच्या पोत्यावर बसवतो, चहा सांगतो, इंग्रजीचं कौतुक करतो. भाव मात्र दुपट्टा टाकून बोटांनीच सांगतो. ती बोटं त्यांना अजून कळत नाहीत. विचारायची लाज वाटते, म्हणून ते दर वेळी मान डोलावतात आणि पाकीट माझ्यापुढे उघडं धरतात.