सुलतानच्या गळ्याची गाठ

केदारखेड्याच्या उषाबाईंना जळायला कुणी शिकवावं लागलं न्हाई. जावेच्या सुनेला जुळं झालं, तर यांना दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाई! पण गेल्या वर्षापासून त्या जळत होत्या ते घरच्याच सुनेवर, अन् तेही कुत्र्यापायी.

सुलतानला नऊ वर्षं भाकर घातली ती उषाबाईंनी. त्याला लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर निघाला, अन् सून तृप्ती त्याला गाडीत घालून संभाजीनगरला केमोला नेऊ लागली. गाठी विरल्या. मंग हा बेइमान तृप्तीच्याच पायाशी लोळायला लागला. "खायचं माझं अन् शेपूट हलवायचं तिच्यापुढं!" उषाबाई म्हणायच्या.

रोज सकाळी भाकर घातली की त्याचा गळा खाजवायची त्यांची रीत. पोळ्याच्या आठवड्यात बोटाला शेंगदाण्याएवढी गाठ लागली. उषाबाईंनी हात मागं घेतला. सांगितलं तर ही पुन्हा त्याला घेऊन जाणार, पुन्हा तो तिचाच होणार. त्या गप बसल्या. एक न्हाई, दोन न्हाई, बारा दिवस! गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा तृप्तीला दिसली.

या खेपेला उषाबाईही गाडीत बसल्या. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या औषधाला हा आता दाद देत नाही. दुसऱ्या गोळ्या देऊन बघू. लागू पडल्या तरी थोडेच महिने मिळतील. गाठ कधीपासून आहे?"

"काल दिसली," तृप्ती म्हणाली.

"बारा दिवस झाले," उषाबाई बोलून गेल्या. "मला ठावं होतं. तुझ्यावर जळून राह्यल्ते, म्हणून सांगितलं न्हाई." अन् त्यांना रडूच फुटलं.

तृप्तीला राग आल्ताच. परतीच्या वाटेवर राजूरपर्यंत तिनं गाडी तशीच दामटली. मंग म्हणाली, "आत्याबाई, मीबी आठवड्यातून एकदा त्याचा गळा चाचपत होते. गेल्या खेपेला मला काहीच लागलं न्हाई. आता गोळी मी देते, गाठ तुम्ही बघा. पण लपवायचं बिलकुल न्हाई."

गोळ्या चालू झाल्यावर पंधराव्या दिवशी गाठ बोराएवढी लागली. "तृप्ती, जल्दी ये! उतरली गं!" उषाबाई ओरडल्या. तृप्ती धावत आली, तसा सुलतान भाकर टाकून तिच्याकडं पळाला.

उषाबाईंच्या काळजात पुन्हा चर्र झालं. "जा मेल्या, तिच्याकडंच जा," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी गळा तेवढा माझ्याकडं घेऊन येत जा."