उन्हात न दिसणारा जाळ

स्पिरिटचा स्टो चांगला की रॉकेलचा, असं आजकालची पोरं मला विचारतात, कारण मंडळात आता माझ्याएवढा म्हातारा कुणी उरलेला नाही. मी सरळ सांगतो. दोन दिवसांच्या डोंगराला स्पिरिटचा. वजन नाही, आवाज नाही, पंप नाही, वॉशर नाही, भांड्याला काजळी नाही, मोडायला त्यात काही नाहीच. आठ दिवस चालायचं असेल तर रॉकेल, कारण स्पिरिट फार लागतं आणि स्टोवर वाचवलेलं वजन बाटल्यांत परत पाठीवर येतं. सरळ हिशोब आहे. पण एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या शेवटी हे कबूल करायला माझी जीभ रेटत नव्हती.

आमचं डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ तेव्हा गंगापूर रोडला सरांच्या व्हरांड्यात भरायचं. सर कॉलेजात शिकवायचे, एकदा हिमालयात जाऊन गिर्यारोहणाचं शिक्षण घेऊन आले होते, आणि त्यांचा शब्द शेवटचा असायचा. बाकी आम्ही सगळे कारकून आणि शाळामास्तर. मी एका सरकारी कचेरीत जावक बारनिशीला होतो, दिवसभर पाकिटं चिकटवायचो. मंडळात मात्र मी स्टोवाला होतो. पितळी पंपाचा स्टो, टाकी भरली की जवळजवळ दोन किलो. त्याला काकडा लावायचा, तो जळेपर्यंत थांबायचं, पंप मारायचा, पिन करायची, आणि मग तो भर्र करून पेटला की सगळे माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला फार आवडायचं. ओझं मात्र मी कधी उचललं नाही. नवीन जो कोण येईल त्याच्या सॅकमध्ये स्टो जायचा, हा नियम मीच केला होता.

असाच तो आला. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. सरांच्या कपाटाला पॉलिश करायला आला, भिंतीवरचे बर्फाचे फोटो बघत हातातला बोळा तसाच धरून उभा राहिला, आणि सरांनी त्याला रविवारी ये म्हटलं. अंगानं काटकुळा, पायात कॅनव्हासचे फाटके बूट, आणि चढायला लागला की मागं वळून आमची वाट बघत बसायचा. आम्ही कुणी त्याला जात विचारली नाही. कशाला विचारतोय, राहतो कुठे ते विचारलं आणि कळलं. तो मला अहो-जाहो करायचा, मी त्याला अरे-तुरे. वयानं तो माझ्यापेक्षा वर्षभर मोठाच होता.

तीन वेळा त्यानं माझा स्टो वाहिला, एका शब्दानं कुरकुर केली नाही. चौथ्या बैठकीला त्यानं पिशवीतून आपला स्टो काढला. पत्र्याचे दोन डबे एकात एक बसवलेले, वरच्या काठाला खिळ्यानं पाडलेली बारीक भोकं, भांडं ठेवायला सायकलच्या तारांची तिवई, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा. सरांच्या घरात वाण्याची जुनी तागडी होती. तिच्या एका पारड्यात त्याचा सगळा संसार ठेवला, दुसऱ्यात काय ठेवावं म्हणून सरांच्या बायकोनं चांदवडहून आलेल्या पोत्यातले दोन कांदे टाकले. कांद्यांचं पारडं खाली गेलं. मग कुणीतरी माझा पितळी स्टो चढवला आणि सगळा व्हरांडा हसला. मीही हसलो. पोटात असं दुखलं म्हणून सांगू.

तिथून पुढे प्रत्येक बैठकीत मी त्याला सोलायला बसलो. वाऱ्यात तुझं निरांजन टिकेल का? टिकेल, पत्रा लावला की टिकेल. दहा माणसांचं पिठलं होईल का? नाही होणार, चौघांचं होईल, दोन स्टो आणू. स्पिरिट मिळणार कुठून, तुझ्या मालकाच्या बरणीतून? मालकाला विचारून घेतो. आठ दिवस चालायचं झालं तर? आठ दिवसांना तुमचाच स्टो बरा, असं तो शांतपणे म्हणाला. भांडणारा माणूस परवडतो, हा असा खरं बोलणारा परवडत नाही. माझ्या सगळ्या शंका संपल्या तेव्हा त्यानंच एक खोट सांगितली, जी मला माहीतही नव्हती. स्पिरिटचा जाळ उन्हात दिसत नाही. पेटलेला असतो आणि वाटतं विझला. त्यात कुणी वरून स्पिरिट ओतलं तर जाळ बाटलीत चढतो. म्हणून तो आधीच स्पिरिटमध्ये चिमूटभर मीठ टाकायचा. मिठानं जाळ पिवळा होतो, भर दुपारीही दिसतो. कारखान्यात सकाळचा चहा ते असाच करायचे.

मी म्हटलं, मीठच कशाला, वरून कोथिंबीर पण टाक. पुन्हा व्हरांडा हसला, या वेळी माझ्या बाजूनं.

त्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या महिनाभराच्या शिक्षणासाठी मंडळाला एक जागा आली. एकच. सहा वर्षं मी त्या जागेकडे डोळे लावून होतो. कचेरीत रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवला होता आणि बर्फावर जाणार म्हणून सगळ्यांना सांगूनही मोकळा झालो होतो. त्यानंही मालकाकडून महिन्याची सुटी कबूल करून घेतली होती. सरांना पाय त्याचे आवडत होते आणि संकोच माझा वाटत होता. शेवटी त्यांनी तोडगा काढला. रविवारी दिंडोरीच्या पुढच्या डोंगरावर जायचं, माथ्यावर दोघांनी आपापल्या स्टोवर तांब्याभर पाण्याला आधण आणायचं. तिकडे ओझं आणि इंधन कळणारा माणूस लागतो, म्हणाले, स्टोवरनं मला माणूस कळेल. मास्तर लोकांना असल्या परीक्षा फार आवडतात.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून नुकतं कललं होतं. झाड एक नाही. त्यानं स्टो मांडला, स्पिरिट ओतलं, खिसे चाचपले. मिठाची पुडी घरी राहिली होती. शिध्याचा डबा माझ्याकडे होता. त्यानं माझ्याकडे चिमूटभर मीठ मागितलं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मीठ पिठल्याला आणलंय. स्टोला नाही."

हशा झाला. तोही हसला, कारण सगळे हसत असताना नवा माणूस दुसरं काय करणार. मग त्यानं मिठावाचूनच काडी लावली. मी काकडा पेटवला.

माझा स्टो त्या दिवशी गद्दार झाला. पिन केली, पुन्हा केली, पिनेचं टोक आत मोडलं. जाळ पिवळा, आळशी, भांड्याच्या बुडाला नुसती काजळी. पलीकडे त्याच्या तांब्यात पाणी गुणगुणायला लागलं. मास्तर मंडळी माझ्याकडून उठून त्याच्याभोवती जाऊन बसली. मी पण गेलो. मी त्याच्या समोर उकिडवा बसलो तेव्हा माझी सावली स्टोवर पडत होती, आणि त्याच्या बाजूनं मात्र ऊन पत्र्यावर चमकत होतं. पाणी गुणगुणायचं कमी झालं. त्यानं तिवई तांब्यासकट बाजूला केली, वाकून पाहिलं, त्याला काही दिसेना. डाव्या हातानं वाऱ्याचा पत्रा धरला होता, उजव्या हातात स्पिरिटची बाटली होती.

त्यानं मला विचारलं, "अहो, विझला का बघा जरा. तुमच्या बाजूनं दिसंल."

मी पाहिलं. काठाकाठानं एक बारीक निळी रेघ थरथरत होती. अगदी थोडी, शेवटची.

"विझला," मी म्हणालो.

मी स्वतःला पुष्कळ वर्षं असं सांगत आलो की मला फक्त त्याचं अर्धं मिनिट वाया घालवायचं होतं. तो काडी शोधेल, पेटलेल्याच स्टोला काडी लावेल, लोक हसतील, तेवढ्यात माझं पिनेचं काहीतरी जमेल. सांगायला बरं वाटतं. पण बाटली त्याच्या हातात होती आणि तिचं बूच काढलेलं होतं, हे मला त्या निळ्या रेघेइतकंच स्वच्छ दिसत होतं.

त्यानं बाटली वाकडी केली. फुस्स असा आवाज झाला, एवढाच. उन्हात जाळ दिसलाच नाही. आधी त्याची बाही आकसताना दिसली, टेरिकॉटचा शर्ट होता, तो वितळून हाताला चिकटला, आणि मग तो ओरडला. सगळ्यात आधी हललो मी, हेही खरं आहे. घोंगडी ओढली, त्याच्यावर टाकली, त्याला आडवा पाडून वर पडलो. दुसरे पाणी आणा पाणी आणा करत धावत होते. त्याचं पाणी तिथंच तांब्यात होतं, जवळजवळ उकळलेलं.

त्याला पाठीवर घेऊन आळीपाळीनं खाली आणला. द्राक्षांच्या पेट्या नेणारा टेम्पो मिळाला, त्यातून नाशिकच्या दवाखान्यात. वाटेत तो शुद्धीवर होता आणि सरांना सारखं सांगत होता की स्टो चांगला आहे, चूक माझी, मी मीठ विसरलो.

पुढच्या बैठकीत सरांनी मंडळात स्पिरिटचा स्टो कायमचा बंद केला. मग माझ्या प्रसंगावधानाबद्दल चार शब्द बोलले, टाळ्या झाल्या, आणि उत्तरेला जायच्या जागेवर माझं नाव लिहिलं. मी उभा राहून नमस्कार केला. मीठ कुणी नाकारलं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही, कारण हसले सगळेच होते.

जायच्या आधी दोन दिवस मी दवाखान्यात गेलो. जावं लागलं, सर म्हणाले म्हणून. मोसंबी घेऊन गेलो. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला, बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे कापूस घातलेला. डॉक्टर म्हणाले होते, हात राहील, पण मूठ वळेल असं नाही. पॉलिशवाल्याचं सगळं पोट मुठीत असतं, बोळा मुठीतच धरतात. उशाशी त्याची आई बसली होती. तिनं मला स्टूल दिलं आणि स्वतः खाली बसली.

मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "तुम्हाला खरंच विझलेला दिसला?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "हो."

त्यानं मान हलवली. म्हणाला, मग झालं, माझीच चूक, दुसऱ्याच्या डोळ्यावर स्टो भरायचा नसतो. तुमच्याबद्दल माझ्या मनात काहीतरी आलं होतं, ते गेलं. असं म्हणून तो आईकडे वळला आणि तिला सांगितलं, की माझ्यावर घोंगडी टाकून वरती पडले ते हेच.

बाई उठून जवळ आली. काही बोलायच्या आधी तिनं माझे दोन्ही हात धरले, उताणे केले, पालथे केले, बाह्या वर सारून कोपरापर्यंत निरखून पाहिलं.

"तुला तर कुठं भाजलं नाय ना, बाळा?"

नाही म्हणालो. तरी तिनं पुन्हा एकेक बोट सुटं करून बघितलं. कुठं काही नव्हतं.