बंदरावरचे चार तास आणि दोन किलो पीठ

“ही पावडर कसली?” कस्टमच्या साहेबानं तिसऱ्यांदा विचारलं.

टेबलावर गयाबाईंची पिशवी उघडी पडलेली. आत दोन किलो ज्वारीचं पीठ, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, पांढरंशुभ्र. साहेबानं चिमूटभर घेऊन वास घेतला, शेजारच्याला दाखवलं. मी म्हटलं, “जवार. खाने का आटा.” त्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते मला कळेना. बाहेर आमची बस हॉर्न मारत होती. घड्याळात पावणेदहा.

माझा जीव का वर-खाली होत होता ते आधी सांगते. मी बीडची. तीस वर्षं झाली, यात्रा-टूर चालवते. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं सगळं रस्त्यावर शिकले. आधी बसच्या यात्रा केल्या, मग रेल्वेच्या. आता लोकांना क्रूझ पाहिजे, तर क्रूझ. ही आमची पहिली. चेन्नईहून जहाज, श्रीलंकेतल्या एका लहानशा बंदराच्या गावी थांबा, आणि परत. बावीस माणसं, बहुतेक बौद्ध घरांतली, बीड, चौसाळा, उमापूरकडची. लंकेतल्या विहारात एकदा वंदना करायची, ही सगळ्यांची ओढ.

आता क्रूझचा थांबा म्हणजे काय? जहाज एवढं मोठं की ते लहान धक्क्याला लागत नाही, आत खोल पाण्यात उभं राहतं. तिथून लहान बोटीनं माणसं काठावर सोडतात. त्या बोटीला टेंडर म्हणतात. आमचं परतीचं शेवटचं टेंडर दीड वाजता होतं. ते चुकलं की जहाज गेलं समजायचं. बसच्या यात्रेत कोणी मागं राहिलं तर ड्रायव्हर शिव्या देतो, पण थांबतो. कॅप्टन शिव्याही देत नाही आणि थांबतही नाही.

उतरायचं होतं सातला. जहाजच उशिरा आलं. काठावर पाय लागला तेव्हा साडेनऊ. माझ्या हाती राहिले चार तास, आणि छापील कार्यक्रमात मी लिहिलेली ठिकाणं पाच! टेकडीवरचा स्तूप, किल्ला, समुद्रकिनारा, मसाल्याची बाग आणि बाजार. लिहिताना काय, हात मोकळा असतो.

आणि ते पीठ? ती चूक माझीच. आमच्या बसच्या यात्रेत आचारी सोबत असतो, पण पीठ ज्याचं त्यानं आणायचं. ‘सोबत काय आणावे’ अशी माझी एक जुनी यादी आहे, वीस वर्षांची. क्रूझच्या वेळी गडबडीत तीच पाठवली. त्यात लिहिलेलं होतं, ज्वारीचं पीठ दोन किलो. बाकीचे हसले आणि विसरले. गयाबाईंनी मात्र गिरणीतनं ताजं दळून आणलं.

गयाबाई उमापूरच्या. वय सत्तरच्या पुढं. उभी हयात ऊसतोडीत गेली. लेक नर्स झाली, तिनं आईला एकटीलाच माझ्या भरवशावर पाठवलेलं.

साहेब शेवटी म्हणाला, पीठ-धान्य आत न्यायचं नाही, इथंच ठेवा. मी म्हटलं, सुटलो. तर गयाबाई खाली फरशीवर बसल्या.

“मग मी बी हितंच ऱ्हाते आक्का. तुमी जा.”

“अहो, उठा! पिठाचं काय घेऊन बसलात?”

“भाकरी करून भंतेजींना वाढायची हाय. त्यापायी आले मी. मला वाचता येत न्हाई, वंदना सगळी पाठ न्हाई. भाकरी तेवढी येती. तीच द्यायची, आपल्या हातानं.”

दोन दिवस एका जहाजात होतो, जेवायला एका टेबलावर. मी यांना चहा गोड लागतो का ते विचारलं, पण इथं कशाला आलात ते विचारलं नव्हतं.

भिक्खूंना वाढायचं याला भोजनदान म्हणतात. त्यात एक अट असते. भंतेजी दुपारी बाराच्या आत जेवतात. बारा वाजले की त्या दिवशीचं जेवण संपलं.

तेवढ्यात साळवे सर बसमधून उतरून आले. निवृत्त हेडमास्तर. हातात माझंच पत्रक, घडी घालून किल्ल्याचा फोटो वर केलेला.

“आक्का, चाळीस मिनिटं गेली. किल्ला होतोय का न्हाई?”

“सर, दम धरा.”

“दम कावून धरू? पाच ठिकाणं छापली तुमी. मी चष्मा बदलून आलो बघायला.”

मी निमलला बाजूला घेतलं. निमल आमचा तिथला गाईड, मोडकी हिंदी बोलायचा. त्याला विचारलं, स्तूप किती लांब? पन्नास मिनिटं. म्हणजे पोचेपर्यंत सव्वाअकरा, पायऱ्या चढेपर्यंत बारा. सगळ्यात जवळचा विहार कुठला? म्हणाला, दहा मिनिटांवर, पण लहान आहे, टूरिस्ट जात नाहीत. आणि पीठ? ज्वारी मिळत नाही, म्हणाला, पण नाचणीचं पीठ कुठल्याही दुकानात मिळेल, इथं त्याची रोटी करतात.

बस एक, गाईड एक. माणसं वाटून देता येत नव्हती. ‘पीठ वाटेत घेऊ, भाकरी तुमच्याच हातची’ असं सांगून मी गयाबाईंना उठवलं, बसमध्ये चढले आणि एका दमात सांगून टाकलं, “पाचही ठिकाणं रद्द. आपण जवळच्या विहारात चाललोय. रागवायचं असलं तर जहाजावर गेल्यावर रागवा, आत्ता टाइम न्हाई.”

सर म्हणाले, “ही तर फसवणूक झाली.”

मी म्हटलं, “झाली.”

वाटेत पीठ घेतलं. विहार खरंच लहान, मागं नारळाची झाडं आणि स्वयंपाकाची पडवी. त्या दिवशी एका गावकरी कुटुंबाची दानाची पाळी होती. भात, भाज्या, सगळं तयार. निमलनं त्यांच्या आजीला काय सांगितलं कोणास ठाऊक, तिनं गयाबाईंचा हात धरून सरळ चुलीपाशी नेलं.

पावणेअकरा झालेले. गयाबाईंनी पिठात हात घातला आणि थबकल्या.

“आक्का, हे तर तांबडं हाय. ह्याची भाकर मी जल्मात केली न्हाई.”

“करा आता, जमेल.”

पहिली भाकरी थापतानाच चिरली. दुसरी तव्यावर टाकताना तुटली. ती आजी हसली, खोवलेलं खोबरं पुढं सरकवलं, जाड थाप म्हणून हातानं दाखवलं. गयाबाई म्हणाल्या, “तुजी रोटी तू कर, बाय. मला पातळच पायजे.” त्यांनी उकळतं पाणी मागितलं, पीठ उकडून घेतलं, पुन्हा मळलं. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायची. शेवटी त्याच ओरडल्या, “घड्याळ बघून भाकर फुगती का? जाळ पुढं सारा!”

तिसरी फुगली.

अकरा-वीसला आत घंटा वाजली. जेवणाच्या आधी पंचशील म्हणायचं असतं. भंतेजींनी सुरू केलं आणि आमच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. पालीच की ती! आपल्या वस्तीच्या विहारात म्हणतो तेच शब्द, चाल तेवढी वेगळी. कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेल्या साळवे सरांनी असा काही आवाज लावला की ते गावकरी वळून बघायला लागले. निमलच्या मदतीशिवाय दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे शब्द कळले, ती सगळ्या दिवसात तेवढीच एक वेळ.

पाच भंतेजी होते, धड भाकरी सात झालेल्या. गयाबाईंनी प्रत्येकाच्या पात्रात एकेक वाढली. थोरल्या भंतेजींनी तुकडा मोडला, खाल्ला, आणि आणखी अर्धी मागितली. तेव्हा बाराला दहा कमी होती.

मग आशीर्वादाचं पठण सुरू झालं आणि ते संपेना. साडेबारा. पाऊण. मधेच उठायचं कसं? मी नुसती चुळबुळत होते. एकला बसमध्ये माणसं मोजली, एकवीस भरली. गयाबाई आत भांडी घासत होत्या! त्यांना ओल्या हातांनी ओढून आणलं. धक्क्यावर रांग ही एवढी. शेवटच्या टेंडरमध्ये बावीसही जण आणि मी बसलो, आणि मागं दोरी सुटली.

बोटीत गयाबाई म्हणाल्या, “पयल्या दोन बिघडल्या, त्या तेवढ्या मनात ऱ्हायल्या.” मी म्हटलं, “त्या तुम्ही आणि त्या आजीनं खाल्ल्या ना, मग वाया कुठं गेल्या?”

साळवे सरांनी जहाजावर गेल्या गेल्या लेखी तक्रार दिली. पाचपैकी एकही ठिकाण दाखवले नाही, अक्षर अगदी मोत्यासारखं. मी खाली सही केली, कारण खोटं काहीच नव्हतं. तक्रारीच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, पंचशील मात्र उत्तम झाले.

तेव्हापासून निघायच्या आधी मी प्रत्येकाला फोन करते आणि विचारते, तिथं एकच गोष्ट करायला मिळाली तर काय कराल? निम्म्या लोकांना सांगता येत नाही. ते म्हणतात, जे दाखवाल ते. अशा माणसांना चार तास काय आणि चार दिवस काय, कमीच पडतात.