बाहेरून प्रदक्षिणा

कन्हेरीचे आमचे शेजारी तात्या कुठं दोन मिनिटं टेकत नाहीत. मोरगावला दर्शन झालं, की पायरीवरही न बसता गाडीची किल्ली वाजवत "चला, निघू" सुरू. तात्या-काकूंसोबतच्या म्हैसूरच्या सहलीत उंच, टोकदार कमानींच्या त्या जुन्या चर्चमधूनही ते लगेच बाहेर पडले आणि दिसेनासे झाले. मी वैतागून शोधायला निघालो. तापलेल्या फरशीवर ते अनवाणी, सावकाश, चर्चभोवती फिरत होते.

"तात्या, अहो, इथं प्रदक्षिणा नसते!"

"आत फिराय वाट न्हाय, म्हणून भाईरनं घालतोय. सोमवारी हिचं ऑपरेशन हाय. दर्शन अर्धं कसं ठिवू?"

गाडीत काकूंशेजारी बसल्यावर ते नेहमीसारखं "चला, निघू" म्हणाले. किल्ली मात्र बराच वेळ मुठीतच राहिली.