सत्यनारायणासमोरचं आतडं

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी माझ्या गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिली सारख्या संपायच्या. शरीराचा कुठलाही तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, दिसायचा गुलाबी-जांभळाच. यकृत तसं, मूत्रपिंड तसं, प्लीहाही तशीच. त्यातलं काय कुठलं ते ओळखायचं आणि जर्नलमध्ये हुबेहूब काढायचं. काढायला मला छान जमायचं. ओळखण्याचीच बोंब होती.

जुईनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये साताऱ्याकडच्या काकू राहायच्या. काका वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी. जानेवारीत एका दुपारी काकू विरजण मागायला आल्या आणि माझ्या जर्नलवर वाकून उभ्याच राहिल्या. आतड्यातल्या ग्रंथी आडव्या कापल्या की मधे भोक, भोवती पांढऱ्या पाकळ्या आणि कडेला जांभळे ठिपके असं काहीतरी दिसतं. तेच मी पानभर काढलं होतं.

"कसली झ्याक फुलं काढलीस गं!"

"काकू, ती फुलं नाहीत, ते..."

"असू दे. पाकळ्या हायत न्हवं?" असं म्हणून त्यांनी माझ्याच पेन्सिलीनं विरजणाच्या वाटीखालच्या कागदावर नक्कल उतरवून घेतली.

सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण असायचा आणि पार्किंगमध्ये रांगोळी स्पर्धा. सकाळी खाली उतरले तर पूजेच्या चौरंगापासून चार हातांवर काकूंचं आतडं पसरलेलं, चांगलं दाराएवढं. त्याहून वाईट म्हणजे सेक्रेटरींनी परीक्षक म्हणून शेजारच्या सेक्टरमधले एक डॉक्टर आणले होते, आणि ते नेमके आम्हाला हा विषय शिकवणारे सर होते. मी खुर्च्यांच्या मागे सरकले.

सर मोर, कलश, तिरंगा बघत बघत काकूंच्या रांगोळीपाशी आले आणि त्यांनी चष्मा पुसला.

"हे कोणी काढलं?"

"म्या काढलं," काकू पदर सावरत म्हणाल्या. "पर चित्र ह्या पोरीचं." आणि त्यांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं.

सरांनी मला ओळखलं. "काय आहे हे?"

"लहान आतडं, सर."

"मग बोटांसारखे उंचवटे कुठे आहेत?"

मी रांगोळीकडे पाहिलं. उंचवटे नव्हते. "मोठं आतडं, सर."

"जर्नलमध्ये काय लिहिलंयस?"

"लहान."

कथा-आरती आटोपून भटजींचं प्रसाद वाटणं चाललं होतं, तेही एव्हाना थांबलं होतं. सगळी सोसायटी ऐकत होती.

"आतडं?" काकूंचा आवाज चिरकला. "कुनाचं आतडं?"

"माणसाचं," सर अगदी शांतपणे म्हणाले. "फार सुंदर काढलंय तुम्ही."

"अगं माझे आई! देवाम्होरं!" काकू केरसुणीकडे धावल्या. सर रांगोळीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. "अहो, थांबा! मार्क द्यायचेत अजून!"

तेवढ्यात काका प्रसादाचा द्रोण घेऊन तिथे आले. त्यांना कुणीतरी प्रकार सांगितला. त्यांनी शिऱ्याचा घास तोंडात टाकला, सावकाश गिळला आणि म्हणाले, "ह्यो आता कुठं गेला? तितंच की. राहू दे, पुसू नगंस."

आधी भटजी हसले. मग कुणालाच आवरेना. काकूंनी केरसुणी खाली ठेवली, पण माझ्याकडे असं बघितलं की मी जिन्याकडे पळाले.

पहिला नंबर मोराला गेला. काकूंना दुसरा. "पेशी अचूक आहेत," सर म्हणाले, "बॉर्डर मात्र घाईत झाली." बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला.

आठवडाभर काकूंनी माझ्याशी अबोला धरला. मग रथसप्तमीचं हळदीकुंकू जवळ आलं आणि त्या दारात उभ्या राहिल्या.

"दुसरं काय काढलंस का?"

मी जर्नल आणलं. त्यांनी ते लगेच हातात घेतलं नाही.

"आदी सांग, कुठलं हाय. कमरंच्या वरचं दे."

मी थायरॉईडचं पान उघडलं आणि गळ्याला बोट लावून दाखवलं. काकूंनी थोडा विचार केला.

"गळ्यातलं चालंल," त्या म्हणाल्या.